पाळण्यातलं पाणी

लेनी पाळण्यात खिदळत होती.

"हसणारं पोर पुरात वाहून जात नसतं," दिग्दर्शक फेल्डुंगसाहेब म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी हौदाकाठचे सगळे त्यांच्याकडे वळले.

स्टुडिओतल्या हौदात पाणी हेलकावत होतं. त्यावर लाकडी पाळणा, आणि पाळण्यात ओटिलीची तान्ही लेनी. मूकपटातल्या बुडणाऱ्या गावातली एक बाई, एवढंच ओटिलीचं काम. ते मिळालं तेही कडेवर पोर होती म्हणून. दिव्यांच्या झोतानं डोळे चुरचुरत होते, तरी ती पापणी न लववता पाहत होती, पोरीचे ओठ निळे तर पडत नाहीत ना.

"जीव टांगणीला लावू नकोस गं," शेजारची म्हातारी ट्रूडे कुजबुजली. "मागच्या वेळी यांनी मला बर्फात अनवाणी उभी केली. पायाची दोन बोटं गेली माझी. पण सगळं बर्लिन रडलं बघ." सांगताना ती ताठ झाली होती.

कॅमेऱ्यांची हँडलं फिरू लागली. नटांना रडू यावं म्हणून ठेवलेल्या व्हायोलिनवाल्यानं करुण सूर धरला. लेनीनं त्यावर पाय नाचवले. साहेबांनी कोबरकडे, त्यांच्या मदतनिसाकडे, नुसतं पाहिलं. त्यानं पाण्याखालची दोरी ओढली.

ओटिलीला आधी काही कळलंच नाही. मग पाळणा कलला, लेनीचं दुपटं भिजत खालून वर काळं होत गेलं आणि पोरीनं टाहो फोडला.

"अरे खाटका, बुडेल ती! मेल्या, थांबव हे!" ओटिलीनं उडी टाकली. छातीएवढं पाणी, हाडं गोठवणारं. दोन्ही कॅमेरे तिच्या तोंडाकडे वळले.

"पोर उचल. वर बघ, दिव्याकडे," साहेब ओरडत होते. कोण ओरडतंय ते पाहायला तिनं मान वर केली.

"बस. मिळालं."

टाळ्या पडल्या. ओटिली पोरीला छातीशी धरून वर आली, दातावर दात आपटत.

"मी शिव्या दिल्या तुम्हाला," ती साहेबांना म्हणाली.

"दे की. पडद्यावर कुणाला ऐकू येणार? ओठ हलले, झालं. खाली पाटी येईल, 'देवा, हिच्याऐवजी मला ने.'"

ट्रूडेनं लगबगीनं लेनीला कोरड्या दुपट्यात गुंडाळलं. दुपटं हुबेहूब पहिल्यासारखंच होतं. पोर हुंदके देत निवली. ओटिलीनं म्हातारीचा हात कपाळाला लावला आणि पोर घेऊन दाराकडे वळली.

"कुठे निघालीस?" साहेबांनी विचारलं. "हे जर्मनीपुरतं झालं. अमेरिकेला धाडायची फिल्म पुन्हा वेगळी काढावी लागते."

कोबर पाळण्याच्या तळाला दोरीनं उपसलेलं बूच पुन्हा ठोकून बसवू लागला. ओटिली एकेक पाऊल मागे सरत गेली. मागे ट्रूडे होती, दोन्ही हात पसरून.

"दे गं तिला इकडे," ती मायेनं म्हणाली. "दुपटं ओलं होईल तुझ्या अंगानं."