पहिली वलांडी

कमळचा हात थांबला, आणि तो थांबलेला सगळ्यांत आधी नीराबाईनं पाहिला.

पाहणारच. दिवाळीपासून तिचे डोळे स्वतःच्या कामावर कमी आणि त्या पोरीच्या हातांवरच जास्त असायचे. थळच्या किनाऱ्यावर शेठच्या खळ्यात बोंबील सुकवायच्या वलांड्या ओळीनं उभ्या होत्या. बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्याच त्या. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडं, एक तिकडं. समुद्राकडची पहिली वलांडी सगळ्यांत चपळ बाईची. वारा तिला पहिला, ताज्या मासळीची पाटी तिला पहिली. सासूच्या मागून ती नीराबाईची होती. यंदा दिवाळीत अंबाजी मुकादमानं सगळ्या बायांदेखत सांगितलं, "नीराबाय, तू मागं सर आता. हिचा हात बघ, सुगरण खोपा विणते जशी!"

ते बोलणं माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकून बसलं होतं. कमळ हसली तरी तिला खुपे, कमळनं अबोली माळली तरी खुपे. "काकी, पाणी देऊ?" असं पोरीनं वाकून विचारलं, तर तो गोडवा जास्तच खुपे. रोज पहाटे गावदेवीपुढं दिवा लावताना नीराबाई सगळ्यांचं बरं मागायची, घरादाराचं, दर्यावर गेलेल्यांचं. आणि शेवटी ओठ न हलवता आणखी एक मागायची. आई, हिचा हात एकदा तरी अडखळू दे.

आज अडखळला होता.

"पहिल्या वलांडीला डुलकी लागली काय गो?" मागच्या ओळीतून शकूनं टोमणा मारला. बाया हसल्या. नीराबाईचं हसू सगळ्यांत मोठं होतं.

ती उगाचच पाण्याचा डबा आणायच्या निमित्तानं पुढं गेली. कमळनं हात पदराखाली ओढला, पण उशीर झाला होता. चिंधी सुटून लोंबत होती आणि अंगठ्याशेजारचं बोट पिकल्या रातांब्यासारखं लालजांभळं झालं होतं. बोंबलाचे दात सुईसारखे. एखादा आत मोडून राहिला की असंच होतं. आणि पिकलेला हात मासळीला लावायचा नाही, हा खळ्याचा नियम. मुकादमानं पाहिलं की बाई घरी, आणि वलांडी दुसरीला.

दुसरी म्हणजे कोण, हे खळ्यात कुणाला सांगायला नको होतं.

"काकी, सांगू नको गो," कमळ पुटपुटली.

अंबाजी पलीकडं गलबतात सुक्या मासळीच्या गाठी चढवत होता. एक हाक पुरे होती. नीराबाईनं तोंड उघडलंही. पण नजर पुन्हा त्या बोटावर गेली. तिनं मागितलं तसंच देवीनं दिलं होतं, अगदी निवडून, उजव्या हाताचं. तिच्या अंगावर काटा आला.

"कधीपासून हाय हे?"

"परवापासून."

"आन् कुणाला बोलली न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुला बोलले असते तर तूच पहिली हाकललं असतंस मला."

खरं होतं, म्हणूनच नीराबाईला झोंबलं.

"सर बाजूला!" ती सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "जोडी अडकवायला आईनं शिकवलं न्हाय काय? वारा आला तर निम्मी वाळूत पडतील. मी लावते, तू डाव्या हातानं नुसती टाक, आन् बघ जरा."

"सासू आली गो, सासू आली!" शकू म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

नीराबाई जबड्यात जबडा अडकवत गेली, कमळ टाकत गेली. समुद्राचा पहिला वारा कितीतरी दिवसांनी नीराबाईच्या तोंडावर आला. तिनं डोळे मिटले. ही जागा माझी. क्षणभर तिला वाटलं, अजूनही हाक मारावी. तिनं पुढचा बोंबील उचलला.

उन्हं चढली. बाकीच्या बाया पाट्या धुवायला पाण्यावर गेल्या आणि अंबाजी फेरीला आला. पहिली वलांडी टोकापासून टोकापर्यंत भरलेली. "शाबास कमळ! याला म्हणतात हात!" मग त्याची नजर मागं गेली. नीराबाईची दोरी अर्धी रिकामी, पाटीतली मासळी उन्हानं मऊ पडलेली. "नीराबाय, हे काय? म्हातारी झालीस काय गो?"

कमळचे ओठ हलले. नीराबाईनं तिच्या पावलावर पाय ठेवला, चांगला दाबून.

"झाले की," ती म्हणाली. "तुला इचारून व्हायचं होतं काय?"

तो हसत निघून गेला. ते "शाबास" मात्र तिथंच राहिलं. जोड्या नीराबाईच्या आणि शाबासकी कमळची. दिवाळीपेक्षा आज जास्त जळलं.

"काकी..." कमळचे डोळे भरून आले.

"रडू नको. कांदा भाजून हळद घालून बांध, दात वर येईल. बोट बरं होईस्तोवर लावायचं मी, टाकायचं तू." नीराबाई आपल्या दोरीकडं निघाली आणि दोन पावलांवर वळली. "आन् ही वलांडी मला हवी हाय, सांगून ठेवते."

"मग घे की, काकी. आजच घे."

"आज न्हाय," नीराबाई म्हणाली. "दहाही बोटं चालू देत तुझी. मग घेईन."