गवताखालची बाग

बुलडोझरसमोर वहिनी खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर ताट, ताटात लसूण, आणि सोलण्याची कसलीही घाई नाही.

"वहिनी, उठा आता. मशीनचं भाडं तासावर आहे," धाकटे दीर म्हणाले.

"मग ड्रायव्हरला सावलीत बसवा, भाऊजी. मी काही इतक्यात उठत नाही."

ड्रायव्हरला हसू आलं. दिरांनी वळून पाहिलं तेव्हा तो खोकू लागला.

मागे दोनशे वर्षांचं दगडी घर होतं आणि समोर खेळाच्या मैदानाएवढी मोकळी जागा. घर समारंभांना भाड्याने द्यायचं आणि या जागेवर काँक्रीट ओतून गाड्या उभ्या करायच्या, असा दिरांचा बेत होता. वहिनीला तिथे बाग हवी होती. सासरे सांगायचे, इथे एकेकाळी कारंजं होतं आणि त्याभोवती आठ पाकळ्यांसारखे आठ ताटवे. त्यांनीही ते फक्त ऐकलं होतं. पुरावा म्हणून एक फुटकी दगडी तोटी होती, आणि तीही दिरांच्या मते गोठ्यातली.

नवरा गेल्यापासून बागेचा विषय निघाला की दीर पंपाची किल्ली खिशात खुळखुळवत. वहिनी विहिरीतून बादलीने पाणी काढी. उन्हाळाभर तिचा उजवा खांदा ठणकत होता.

पण या उन्हाळ्यात नवल झालं. सगळी जागा करपून पिवळी पडली आणि त्या पिवळ्या गवतात हिरव्या रेषा उमटल्या. आधी एक वर्तुळ, मग त्याभोवती पाकळ्या. गच्चीतून अगदी मोजता येत होत्या. वहिनीने फोटो काढून जुन्या वास्तूंच्या कार्यालयाला पाठवला. तिथली उद्यानरचनाकार आज पाहणीला येणार होती. जुन्या बागेच्या खुणा निघाल्या, तर त्या जमिनीवर बांधकाम करता येणार नव्हतं. दिरांना हे माहीत होतं. बुलडोझर म्हणूनच सकाळी सकाळी आला होता.

रचनाकार बाई आली ती बारीक चणीची, विटकी टोपी घातलेली, स्वतःचं फावडं घेऊन. आधी ती गच्चीत जाऊन आली. मग परसातून समोर येताना कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी क्षणभर थांबली. दोरीला मातीचा रंग चढला होता.

"जुने चर बुजवले तरी आतली माती भुसभुशीत राहते," ती दिरांना म्हणाली. "ओल धरते. आजूबाजूचं गवत वाळलं तरी चरावरचं हिरवं राहतं."

"म्हणजे आता गवताची साक्ष काढणार?"

"गवत सहसा खोटं बोलत नाही."

"छान! इथे डिझेल आटतंय, खताचं पोतं अर्ध्यावर आलंय, गडी दुपारभर घोरतायत, त्याची कुणाला फिकीर नाही. आणि गवताचं कौतुक चाललंय!"

बाई वर्तुळाच्या मध्यावर जाऊन वाकली. बोटाने काहीतरी चाचपलं, त्या जागी एक खडा ठेवला आणि टाचेने दाबला. मग एका हिरव्या रेषेवर तिने गुडघाभर खड्डा खणला. खड्ड्याची भिंत निरखली. वरची माती चिमटीत घेऊन चुरली, वास घेतला. पुन्हा भिंत निरखली.

यात फार वेळ गेला. वहिनीच्या बोटांत लसणाची पाकळी सालासकट चिरडली गेली.

"सापडलं काही?" दिरांनी विचारलं.

"पाहायचं होतं ते दिसलं."

बाईने स्वतःच खड्डा बुजवला आणि पायाने चेपला.

"मागे एका घरी मी पोचले तेव्हा डांबर ओतून झालं होतं," ती म्हणाली. "खाली काय होतं ते आता कुणालाच कळायचं नाही. इथे तसं होणार नाही. या जमिनीवर मशीन चालणार नाही. मी तसं लिहून देते."

"आणि मी चालवलं तर?"

"चालवा. वहिनी, अजून एक खुर्ची आहे का?"

वहिनीने खुर्ची आणली. आपल्या खुर्चीशेजारी, बुलडोझरच्या बरोबर तोंडाशी ठेवली. बाई टोपी सारखी करून त्या खुर्चीवर बसली आणि ताटातला लसूण सोलायला लागली.

दीर उभेच राहिले. "दोन बायका एकत्र आल्या की..."

"बोला ना, भाऊजी. अडलात का?"

ड्रायव्हरने कुणालाही न विचारता मशीन मागे घेतलं. दीर त्याच्यामागे फाटकापर्यंत भांडत गेले.

परसात वहिनीने बाईच्या हातांवर पाणी घातलं. बादली उचलताना तिचा खांदा पुन्हा कळवळला, पण आज तिला त्याचं काही वाटलं नाही.

"सासरे हवे होते आज," ती म्हणाली. "बाग खरीच होती म्हणायची."

"आता होईल," बाई म्हणाली. नखांतली माती काढत तिने दोरीकडे पाहिलं आणि मग फाटकाकडे, दीर ऐकण्याच्या अंतरावर नाहीत ना, ते.

"मधलं, दोरी बांधलेल्या खुंटीचं भोक मी बुजवलंय. पुढच्या वर्षी युरिया मात्र निम्माच टाका."