जागा सरळ सांगायची नाही

"बाबा, बोटीत पाणी भरतंय. इंजिन बंद पडलं. आमी हरिहरेश्वरच्या समोर हाव, लांब पाण्यात."

काळूरामने रेडिओचा माइक तोंडाशी ओढला. पडवीत बसलेल्या बायका जागच्या जागी उठून उभ्या राहिल्या. दुपार कलली होती, आणि सकाळपासून गप्प असलेला वारा आता माडांना पिळत होता.

"विनेश, जागा परत सांग."

"हरिहरेश्वर, बाबा. हरिहरेश्वर. बोटीचा वायरलेस बुडाला, ह्यो हातातला सेट तेवढा..."

पुढे नुसती खरखर.

काळूरामचं हे घरचं रेडिओ स्टेशन म्हणजे भरडखोलची नवलाई होती. मोठ्या चक्रीवादळात सगळे फोन मेले, तेव्हा बाहेरून आलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी गावाची खबर जगाला पोचवली होती. ते पाहून काळूराम आणि त्याचा मुलगा विनेश, बोट चालवणारा तांडेल, दोघे पुस्तकं घेऊन बसले. सरकारी परीक्षा दिली, परवाने काढले, बोटीवर सेट न्यायची परवानगीसुद्धा रीतसर आणली. सेटची ताकद म्हणाल तर टॉर्चच्या बल्बाएवढी. पण मोबाइलची रेंज संपली तरी विनेशचा आवाज पडवीत यायचा. काळूराम नियमाला पक्का. रेडिओवर धंद्याचं बोलायचं नाही, गुप्त भाषा वापरायची नाही. खोटं बोलू नये असा नियम मात्र कुठे लिहिलेला नव्हता.

आणि खोटं बोलणं तर भागच होतं. मासळी लागली की तांडेल जागा कुणाला सांगत नाही. सांगितली की निम्मा गाव जाळी घेऊन तिथे हजर. पडवीत रोज बायका जमायच्या त्या आपल्या माणसांची खबर ऐकायला, आणि ऐकलेलं नवऱ्यांच्या कानावर घालायला. म्हणून बापलेकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. विनेश दक्षिण म्हणाला की उत्तर समजायची. हरिहरेश्वर म्हणाला की जंजिरा. काय वाट्टेल ते होवो, जागा सरळ सांगायची नाही, असं बापानेच त्याला बजावलं होतं. पडवीत रोज येणाऱ्या मैनाचा नवरा सदा तर या बोलण्यावर विसंबून कितीदा डिझेल जाळून हात हलवत परत आलेला. गाव त्याला हसायचं, आणि काळूराम मिशीतल्या मिशीत.

आता तोच सदा धावत आला. धक्क्यावर होत्या तेवढ्या बोटी सुटायच्या तयारीत होत्या.

"काका, हरिहरेश्वर ना? मैना बोलली."

काळूरामने माइक खाली ठेवला. सांगितलं की संपलं. उद्यापासून विनेशच्या शब्दाला गावात कवडीची किंमत राहणार नव्हती, आणि आजवर फसलेला एकेकजण दारात जाब विचारायला येणार होता. पण पोराच्या जिवापुढे अब्रू ती काय?

"हरिहरेश्वर न्हाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तो हरिहरेश्वर बोलला की जंजिऱ्याच्या अंगाला असतो. आमचं ठरलेलं हाय. तुमाला फसवायला ठरवलेलं."

मैनाने नवऱ्याकडे पाहिलं. सदाचा चेहरा रागाने काळवंडला, पण राग गिळून तो म्हणाला, "काका, बुडत्या बोटीवरून कोण असली खोडी काढंल? असं करू, अर्ध्या बोटी तिकडं जाऊ द्या, अर्ध्या इकडं."

काळूरामने खरखरणाऱ्या सेटकडे पाहिलं. मग त्याला विनेशचा तो दुसऱ्यांदा आलेला आवाज आठवला. किती ठाम होता. भरली पडवी ऐकतेय हे धरून नेहमी बोलायचा तसाच.

"अर्ध्या बोटींनी एवढं पाणी धुंडाळून होईल का? सगळ्या वर जंजिऱ्याला जाऊ द्या. माझा पोरगा हाय, सदा. त्याचं खरं-खोटं मला ठावं."

बापच सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? बंदरावरच्या साहेबांनाही काळूरामने फोन करून जंजिराच सांगितलं. दिघीची खाडी मागे टाकून सगळ्या बोटी उत्तरेला गेल्या. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांना फसवलं, तेच लाटा अंगावर घेत त्याच्या पोराला शोधत होते. काळूरामला लाज वाटली, आणि भरूनही आलं. अंधार पडेस्तोवर तो माइकमध्ये सांगत राहिला, "विनेश, धीर धर, येतायत."

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरसमोर दुसऱ्या गावच्या बोटीला एक तरंगतं पिंप दिसलं. त्याला विनेशचा म्हातारा खलाशी भागोजी दोरीने बांधलेला होता, जिवंत. विनेश त्या दिवशी सापडला नाही, आणि नंतरही नाही.

भागोजीला पडवीत आणून बसवलं. त्याने पाणी घेतलं, काळूरामकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"संध्याकाळपर्यंत होता तो माझ्यासंगती," भागोजी म्हणाला. "पिंप दोघांचा भार घेईना. मला बांधला न् आपण बाजूला धरून राहिला. एकपण बोट दिसली न्हाय आमाला."

"मी सगळ्यांना जंजिऱ्याला धाडलं," काळूराम म्हणाला.

"मी सांगितला होता त्याला," भागोजी म्हणाला. "सेट हातात घेतला तवाच बोललो, विनेश, जंजिरा सांग, तुझा बाप उलटं धरंल. तर हसला. बोलला, मामा, पाणी गळ्याशी आल्यावर पोरगा बापाशी खोटं बोलंल का? बाबाला कळतं."