पहिल्या आलेल्या मुलीची उजळणी

दहावीच्या पहिल्या पेपरला निघताना शर्वाणीने दही-साखरेची वाटी बाजूला सारली. “नको, दह्याने माझा घसा धरतो.”

तिची आई वैजयंता चमकली. हीच पोरगी कालपरवापर्यंत वाटी चाटूनपुसून साफ करायची.

सहामाहीला तीन विषयांत नापास झाल्यावर शर्वाणीने जेवणच टाकलं होतं. शेवटी वैजयंताने तिला अभ्यासकेंद्रात नेलं. तिथे बोर्डात पहिल्या आलेल्या कुणा मुलीची अख्खी उजळणी कानामागच्या चकतीतून डोक्यात उतरवून देत. “एका वेळी एकच विषय लावा. जास्त लावलेत, तर त्या मुलीचं बाकीचंही येतं,” तिथल्या बाईंनी बजावलं होतं. पण परीक्षा तोंडावर आली, पोर रडायची थांबेना, तेव्हा वैजयंताने स्वतःच्या हाताने सगळ्या विषयांच्या चकत्या एकदमच लावल्या.

“शरू, देवाच्या पाया पड,” वैजयंता म्हणाली.

शर्वाणीने मागे वळून पाहिलं, हाक दुसऱ्याच कुणाला असावी तशी. मग ओशाळून हसली.

“काकू, मला सोडायला माझी आई येणार होती ना?”

चकत्या उपटायला वैजयंताचा हात लेकीच्या कानापर्यंत गेला. पण त्या काढल्या की डोक्यातून सगळंच पुसलं जाणार होतं, धडे, कविता, गणितंसुद्धा. आणि पेपर तासाभरावर आला होता.

तिने लेकीची बट चकत्यांवर नीट ओढून घेतली.

“येईल हं बाळा,” ती म्हणाली, “सगळे पेपर संपले की येईल. चल, तोवर मी सोडते.”