अनुवाद : पद्माकर देवस्थळी

पद्माकर देवस्थळींनी चष्मा नाकावर चढवला, पहिलं पान उघडलं आणि उल्काचं वाक्य वाचलं.

"जिन्यावर थांबून चोराने हातमोजे काढले. घरची बाई गाढ झोपेत होती, तरी तिच्यासमोर हातमोजे घालून उभं राहणं त्याला अदबीला सोडून वाटलं."

बुओना व्हिस्टातल्या त्या कॉन्डो सोसायटीची फंक्शन रूम 'वाहवा'ने भरून गेली. मागच्या रांगेत बसलेली उल्का तेच वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होती. तो 'अदब' शब्द तिला पुंगोलच्या एलआरटीत, वस्तीभोवती फिरणाऱ्या छोट्या लोकलमध्ये, सापडला होता. तिची मुलगी गार्गी तेव्हा तान्ही होती आणि गाडी हलत असल्याशिवाय डोळा मिटायची नाही. मग उल्का प्रॅम घेऊन गाडीत चढायची आणि न उतरता पुंगोलच्या गोल मार्गावर घिरट्या घालत राहायची. पाय प्रॅमच्या चाकाला लावलेला, मांडीवर वाचनालयातून आणलेली शंभर वर्षांपूर्वीची फ्रेंच कादंबरी. फ्रेंच तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोश चाळत, चुकत, स्वतःला शिव्या घालत ती आपली आपण शिकली. डोक्यात जुळलेलं वाक्य घरी येईपर्यंत घोकायचं आणि मग लॅपटॉपवर उतरवायचं. एका सभ्य चोराची सबंध कादंबरी तिने अशी मराठीत आणली.

"सरांना दाखवू," नरेश म्हणाला होता. नरेश तिचा नवरा. देवस्थळी त्याचे ऑफिसातले साहेब, शिवाय परदेशातल्या या मराठी वाचनकट्ट्याचे सर्वेसर्वा. पेनड्राइव्ह नरेशच घेऊन गेला. 'रचना कच्ची आहे, बघू' असा निरोप आला. मग वर्षभर काहीच नाही. आजच्या आमंत्रणातही 'सरांचं नवं पुस्तक' एवढंच होतं. आत आल्यावर टेबलावरची चळत दिसली, मुखपृष्ठावर अनुवादक म्हणून देवस्थळींचं नाव दिसलं.

आयत्या बिळावर नागोबा बसतो तो निदान फणा तरी काढतो. हा शाल पांघरून बसला होता.

"सर, चोर असून तो इतका लोभस कसा हो वाटतो?" पुढच्या रांगेतल्या सुलेखाने विचारलं.

"सभ्य आहे ना तो, सुलेखाताई! ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाही वाटलं पाहिजे, चला, चोर तरी खानदानी आला. हीच तर कला!"

लोक खदखदून हसले. उल्का उभी राहिली.

"सर, हा अनुवाद माझा आहे."

हसू जागच्या जागी थिजलं. देवस्थळी मात्र चिडले नाहीत. भाचीने हट्ट धरावा तसे तिच्याकडे बघून हसले.

"मंडळी, ही आमच्या नरेशची बायको. टायपिंगला फार मदत झाली हं हिची. नाव घालायचं राहिलं, चूक माझी. उल्का, पुढच्या आवृत्तीत पहिलं तुझं नाव. झालं समाधान?"

"किती मोठं मन!" सुलेखा शेजारणीला म्हणाली, आणि कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

"मी टाइप केलं नाही, मी लिहिलंय!" उल्का ओरडली. मग ती नरेशकडे वळली. प्रत्येक प्रकरण तिने आधी त्यालाच वाचून दाखवलं होतं. त्याच्याशिवाय तिला साक्षीदार नव्हता. "नरेश, सांग ना यांना."

नरेश उठला. शर्टाची बाही सारखी केली. देवस्थळींकडे पाहिलं.

"टायपिंगच केलं तिने," तो म्हणाला. "घरी बसून कंटाळते हो. मनाला लावून घेते."

सगळ्या खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला. बाई हळवी आहे म्हटलं की सभ्य लोकांचं काम सोपं होतं. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी पाणी आणलं. प्यायला म्हणून पुढे आलेला तो पेला उल्काने तसाच टेबलावर ठेवला आणि ती बाहेर पडली.

खाली स्विमिंग पूलजवळच्या बाकावर ती बसून राहिली. थोड्या वेळाने नरेश आला. हातात बटाटेवड्यांची बशी होती.

"खाऊन घे. गरम आहेत."

"लाज नाही वाटली?"

"माझा इथे काम करायचा पास मार्चमध्ये संपतोय. रिन्यू करायचा की नाही, ते सर ठरवणार. माझा गेला की तुझा इथे राहायचा पासही गेला, गार्गीचाही. मग कसली लाज घेऊन बसतेस?"

"उद्या सगळ्या कट्ट्याला फाइल पाठवते," उल्का म्हणाली. "कुठला मजकूर कधी लिहिला ते सगळं दिसतं त्यात. मग बघू कोण हळवं आहे."

नरेशने वडा मोडला. अर्धा तोंडात टाकला, चावला, गिळला.

"लॅपटॉप मी मागच्या आठवड्यात फॉरमॅट केला. मला माहीत होतं, तू असला काहीतरी वेडेपणा करणार."

मागच्या आठवड्यात. आमंत्रण तर परवा आलं होतं. उल्काने या माणसाकडे पाहिलं. बोटांना लागलेली चटणी तो चाटत होता.

"चल आता वर, सरांना सॉरी म्हणून टाक," तो प्रेमाने म्हणाला. "आणि तुझ्या एलआरटीच्या कार्डात मी पैसे भरून ठेवतो. चोराचा दुसरा भाग त्यांना दिवाळीपर्यंत हवाय. मी हो म्हटलंय."