निळं फाटक

फ्रेमानं पाहुण्याला पाणी दिलं नाही.

खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला, पण पाण्याचं नाव काढलं नाही. एकदा पाणी दिलं की रीतीप्रमाणे विचारावं लागतं, कशासाठी येणं केलंत. आणि विचारल्याशिवाय पाहुण्याला सांगता येत नाही, तेवढीच एक सोय.

हा जुना सोबती ओबेंग काय सांगणार, हे तिला फाटक उघडतानाच कळलं होतं. परीक्षेचे निकाल लागून चार दिवस झाले होते. तिची मुलगी आबेना मुलींच्या नावाजलेल्या शाळेत उपमुख्याध्यापिका. त्यामुळं दरवर्षी या दिवसांत ट्रेनिंग कॉलेजच्या सोबत्यांना फ्रेमाचा असा काही पुळका यायचा! एरवी मेली आहे की जिवंत, कुणी विचारत नसे. आता कुणाची भाची, कुणाची पुतणी, सगळ्यांना तिथंच प्रवेश हवा. आबेनानं परवाच बजावलं होतं, "आई, आणखी एक चिठ्ठी आणलीस तर माझी नोकरी जाईल."

आणि ओबेंगच्या मांडीवर खाकी पाकीट होतं. गुणपत्रिका, दुसरं काय असणार!

"चाळीस वर्षांनी बरी वाट सापडली रे तुला," फ्रेमा म्हणाली.

"चार तास भाड्याच्या ट्रोट्रो गाडीत दाटीवाटीनं बसून आलो. घसा पार कोरडा पडलाय बघ."

"ऊन आहेच तसं."

दारात थोरली बहीण मानसा पालेभाजी निवडत बसली होती. ती मोठ्यानं खाकरली. फ्रेमानं तिकडं पाहिलंच नाही.

ओबेंग आपला बॅचमधल्या लोकांच्या खबरा देत बसला. कोण गेलं, कुणाचा गुडघा बदलला, कोण परदेशात नातवंडं सांभाळतंय. "आणि आपली ड्युफी..."

"तिचं नाव नको काढू."

 पोरींच्या वसतिगृहातली गोष्ट, त्याला कुठून ठाऊक असणार? त्र्याऐंशी साली दुष्काळ पडला, कॉलेजात जेमतेम एक वेळचं जेवण मिळायचं. कोठीत ठेवलेल्या फ्रेमाच्या खाऊच्या पेटीत घरून आलेली गरी होती, कसाव्याचा भाजलेला रवा. रोज मूठभर कमी व्हायची. पेटीची कडी मोडकी आहे हे फक्त तिच्या खोलीत राहणाऱ्या ड्युफीला ठाऊक होतं. फ्रेमानं सगळ्या पोरींसमोर तिला चोर म्हटलं. पुढं पेटीतला चमचा गेला, तेव्हा तिची गादीही उलटीपालटी केली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

शेवटी मानसानंच भाजी खाली ठेवली. "अगं, माणसाला वाळवून मारतेस का? आईनं हेच शिकवलं होय?" असं म्हणत तिनं स्वतः पेलाभर पाणी आणून ओबेंगच्या हातात दिलं.

झालं! त्यानं ते एका दमात संपवलं.

फ्रेमानं दातओठ खात रीतीचं वाक्य म्हटलं, "इकडं सगळं कुशल आहे. वाट चालून तुम्ही आलात. काय निरोप आणलात?"

"वाईट काही नाही," ओबेंग सावरून बसला. "माझी नात..."

"जागा नाही! एकसुद्धा नाही. मार्क कितीही असोत तिचे."

ओबेंग बघतच राहिला. "मार्क? अगं, ती गेल्या शनिवारी जन्मलीय."

मानसा फिदीफिदी हसली. फ्रेमाचे कान तापले.

"या शनिवारी बारसं आहे. तुझं नाव ठेवायचंय तिला," ओबेंग म्हणाला. "ज्याचं नाव ठेवावं त्याचा स्वभाव पोरात उतरतो. मुलाला मी सांगून टाकलंय, नाव ठेवायचं तर फ्रेमाचंच."

त्यानं पाकीट उघडलं आणि आतली वस्तू तिच्या हातावर ठेवली. पत्र्याचा चमचा होता. दांड्यावर खिळ्यानं कोरलेलं तिचं नाव अजून वाचता येत होतं.

"जेवणघराची देखरेख माझ्याकडं होती ना, प्रीफेक्ट म्हणून? पेट्यांच्या कोठीची किल्ली माझ्याकडं असायची. भूक सोसवेना गं. तुझी गरी मी खायचो, रोज मूठभर. आणि तू? एका शब्दानं बोलली नाहीस. उलट एक दिवस बघतो तर वर चमचा ठेवलेला, माझ्यासाठी. रडलो मी तेव्हा, फ्रेमा. तो परत करायचं धाडसच झालं नाही."

फ्रेमानं चमचा उलटून पाहिला. चमचा ती पेटीत विसरली होती. बाकी काही नाही.

"शनिवारी तू ये," ओबेंग म्हणत होता. "तिच्या जिभेवर पाण्याचा पहिला थेंब तुझ्या हातानं ठेव. पाण्याला पाणीच म्हणणारी, खरं बोलणारी निघू दे पोर, तुझ्यासारखी."

 लाजेनं फ्रेमाला वर बघवेना. मानसा कधीच हसायची थांबली होती.

"ड्युफीचा नंबर आहे तुझ्याकडं?" तिनं कसंबसं विचारलं.

"आहे की! तुझा पत्ता तिनंच तर दिला. बाजाराच्या मागं तिसरं घर, निळं फाटक."

फ्रेमा फाटकाकडं बघत राहिली. बावीस वर्षं ते हिरवं होतं. निळा रंग लावून अजून महिनाही झाला नव्हता.