आरागिरणीची बोली

जंगलसाहेबाच्या लाकडी बंगल्याचं आता संग्रहालय झालं होतं. रंगीत काचांतून उतरलेल्या उन्हात डोमाजी तरंगत असल्यासारखा उभा होता. जुन्या सागाच्या वासाने त्याच्या कानांत बंद पडलेली आरागिरणी पुन्हा घरघरत होती.

समोर जुना जोडीदार लखमाजी. गिरणीच्या संपात डोमाजी एकटाच कामावर गेला, तेव्हापासून एकतीस वर्षं दोघांत अबोला. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

“आजोबा, गिरणीच्या गोंगाटात तुम्ही बोलायचे कसे?” गिरणीच्या आठवणी टिपायला दोघांना बोलावणाऱ्या संग्रहालयातल्या मुलीने विचारलं.

“हातांनी.” डोमाजी लखमाजीकडे वळला.

मूठ छातीवर.
तळवा उताणा.
मान खाली.

लखमाजीने हात वर केला. मग सावकाश त्याची बोटं हलली.

“काय म्हणाले ते?”

“बोलणार नाही म्हणते,” डोमाजीने डोळे पुसले, “पण चहा पाज म्हणते.”